सहलीची गाडी पंचगंगेवर थांबवा : सीमाभागातल्या मराठी शाळांना खुलं पत्र

प्रति,
निपाणी, चिकोडी, हुक्केरी, कागवाड, बेळगाव, खानापूर भागातल्या मराठी शाळांचे मुख्याध्यापक, सहलीचं बघणारे सर आणि मॅडम, आणि एसडीएमसीचे (शाळा विकास समितीचे) सदस्य

सगळ्यांना नमस्कार,

दिवाळीची सुट्टी संपली की तुमच्याकडं सहलीची गडबड सुरू होते, गाडी ठरवायची, पालकांची सही घ्यायची, बीईओ ऑफिसची (तालुका शिक्षणाधिकाऱ्यांची) परवानगी काढायची, आणि एकदा ठिकाणांची यादी छापली की मग कुणी काही म्हटलं तरी उपयोग नसतो, म्हणून आधीच लिहितेय. मागणी एकच आहे. कोल्हापूरची सहल काढताय तर त्यातला अर्धा दिवस पंचगंगेच्या काठाला द्या. गंगावेशीतून चालत घाटावर, घाटावरून ब्रह्मपुरी, मग शिवाजी पूल, आणि शेवटी टाउन हॉलचं म्युझियम. एवढंच. बाकीची ठिकाणं तुम्ही ठरवा.

मी निपाणीजवळच्या एका गावातली आई आहे, पोरं मराठी शाळेत शिकतात, कामामुळं माझं कोल्हापूरला सारखं जाणं-येणं असतं आणि वेळ मिळेल तसा हा नदीकाठचा भाग मी पायी फिरते. त्यामुळं जे सांगतेय ते बघून सांगतेय.

आपल्या भागातली कोल्हापूर सहल कशी असते ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. सकाळी कणेरी मठ, मग अंबाबाईचं दर्शन, न्यू पॅलेस, रंकाळ्यावर भेळ, वेळ असला तर जोतिबा नाहीतर पन्हाळा, आणि रात्री उशिरा पोरं झोपेतच गाडीतून उतरतात. ह्यातलं एकही ठिकाण वाईट नाही, कणेरी मठातलं ते सिमेंटचं गाव तर लहान पोरांनी बघावंच. पण जोतिबाला पन्हाळ्याला जाताना गाडी शिवाजी पुलावरून जाते की नाही? पोरं खिडकीला चिकटतात, नदी नदी म्हणून ओरडतात, आणि बघता बघता वडणगे फाटा आलेला असतो. पुलाच्या शहराकडच्या टोकाला जी टेकडी आहे तिच्या पोटात जुनं कोल्हापूर आहे हे गाडीतल्या पोरांना कुणी सांगत नाही, आणि मला ह्याचं खरंच फार वाईट वाटतं, कारण पोरं तिथून दगड मारला तर लागेल एवढ्या अंतरावरून गेलेली असतात.

ती टेकडी म्हणजे ब्रह्मपुरी. वरवर बघितलं तर काही नाही, घरं, झाडं, खाली नदी. पण १९४४ च्या आसपास राजाराम कॉलेजचे प्राध्यापक के. जी. कुंदनगार यांना इथं ब्राँझच्या जुन्या वस्तू मिळाल्या आणि मग १९४५-४६ मधे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी इथं रीतसर उत्खनन केलं. जमिनीखाली एकावर एक अशा वस्त्या निघाल्या. सगळ्यात वरती बहामनी काळातली, काचेच्या बांगड्यांचे तुकडे भरपूर, रंगीबेरंगी. त्याच्या खाली शिलाहारांच्या काळातलं. आणि आणखी खाली सातवाहनांच्या काळातली पक्क्या विटांची घरं, म्हणजे आजपासून जवळजवळ दोन हजार वर्षं मागं. घरात वापरायच्या वस्तू, नाणी, मणी, ब्राँझची भांडी, ब्राँझचा एक हत्ती ज्याच्यावर माणसं बसलीयत, आणि पोसायडनची एक छोटी मूर्ती.

पोसायडन म्हणजे ग्रीक लोकांचा समुद्राचा देव. मूर्ती वीतभरसुद्धा नाही, पण अंगाचा प्रत्येक स्नायू दिसतो. आता विचार करा, कोल्हापूरला समुद्र नाही, मधे सगळा सह्याद्री उभा आहे, मग हा समुद्राचा देव पंचगंगेच्या काठावर कसा आला? हा प्रश्न पोरांना तिथंच टेकडीवर उभं करून विचारा आणि थोडा वेळ गप्प बसा, उत्तर पोरंच काढतील. त्या काळात रोमन साम्राज्यातली जहाजं आपल्या कोकणच्या बंदरात यायची, तिथून माल घाट चढून देशावर यायचा. आपली पोरं आंबोली घाट, फोंडा घाट, चोर्ला घाट बघितलेली आहेत, खानापूरकडची पोरं तर घाटाच्या माथ्यावरच राहतात, त्यांना घाट म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. आठवीच्या समाज विज्ञानात सातवाहन, कदंब, गंग हे धडे आहेतच. पुस्तकात सातवाहन म्हणजे राजांची नावं आणि सनावळी, पोरं पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. इथं सातवाहन म्हणजे एक घर, त्या घरातली वीट, त्या घरात कुणीतरी परदेशातून आलेली वस्तू जपून ठेवलेली. हा फरक शिक्षक म्हणून तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो.

कुंदनगार सरांबद्दल अजून थोडं. ते राजाराम कॉलेजला कन्नड शिकवायचे. कोल्हापूर संस्थान आणि उत्तर कर्नाटक दोन्हीकडचे शिलालेख त्यांनी वाचले, त्यांच्यावर काम केलं. कोल्हापूर भागात शिलाहार राजांचे कन्नड लेख आहेत, आणि तेव्हाच बेळगाव-सौंदत्तीकडं रट्ट राजे होते, ह्या दोन घराण्यांचा शेजार होता, लढाया पण होत्या. आपल्या पोरांना सकाळ-संध्याकाळ दोन भाषा कानावर पडतात. शाळेत मराठी, बसवर पाटी कन्नड, दुकानात दोन्ही. म्हणून माझी एक जोड-विनंती अशी की शेजारच्या कन्नड शाळेला पण विचारा, एकाच आवारात दोन शाळा असतात आपल्याकडं कितीतरी गावात, दोघांची मिळून एक गाडी करा. कन्नड वाचणारं एखादं पोरगं जुन्या लेखातलं एखादं अक्षर ओळखेल आणि मराठीवालं पोरगं त्याला विचारेल हे काय लिहिलंय, एवढं झालं तरी सहल वसूल. (जुनं कन्नड आजच्यापेक्षा वेगळं आहे, सगळं वाचता येणार नाही, पण पोरं प्रयत्न करतात.)

आता नदीचा घाट. गंगावेशीतून खाली उतरत गेलं की रस्ता सरळ नदीवर जातो. गंगावेस ही जुन्या शहराची एक वेस, तट आता कुठं राहिलेला नाही, पण रविवार वेस, वरुणतीर्थ वेस, गंगावेस ही नावं लोकांच्या तोंडात आहेत. गंगावेशीत तालीम आहे, मोठमोठे पैलवान तिथल्या मातीत घडले, पोरांना बाहेरून का होईना दाखवा, आपल्याकडं गावोगावी जत्रेला कुस्त्या असतात त्यामुळं पोरांना त्याचं आकर्षण आहे. दूध कट्टा, म्हणजे ताजं दूध मिळायची जागा, पण तिथलीच. पुढं शुक्रवार पेठ. ह्या पेठेत दोन मठ आहेत जे आपल्या जिल्ह्याशी जोडलेले आहेत. एक शंकराचार्यांचा, त्या पीठाचं नावच संकेश्वर-करवीर, म्हणजे आपल्या हुक्केरी तालुक्यातलं हिरण्यकेशीच्या काठचं संकेश्वर आणि हे पंचगंगेच्या काठचं करवीर. दुसरा लक्ष्मीसेन जैन मठ, तिथं आदिनाथांची भली उंच मूर्ती आहे, आपल्या चिकोडी-अथणी-कागवाड भागातली जैन कुटुंबं तिथं पूर्वीपासून जातात. वर्गात त्या घरातली पोरं असतील, त्यांनाच बोलायला लावा.

घाट बघायला सकाळची वेळ चांगली. दगडी पायऱ्या, दीपमाळा, काठावर आणि पात्राच्या कडेला दगडी मंदिरं, छत्रपती घराण्यातल्यांच्या समाध्या. पावसाळ्यात ह्यातली बरीचशी मंदिरं पाण्याखाली असतात आणि पाणी उतरलं की त्यांच्यावर गाळाची रेघ दिसते. त्रिपुरारी पौर्णिमेला पहाटे सगळा घाट पणत्यांनी भरून जातो, लांबून लांबून लोक येतात. सहल त्या दिवशी नेऊ नका, गर्दीत पोरं सांभाळता येणार नाहीत, पण पालकांना सांगून ठेवा, ज्यांना जमेल ते आपापल्या पोरांना घेऊन जातील.

ह्या समाध्यांजवळ पोरांना बसवून एक खरी गोष्ट सांगा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, दुसरे राजाराम, युरोपच्या दौऱ्यावर गेले होते आणि परत येताना ३० नोव्हेंबर १८७० ला इटलीत फ्लोरेन्स शहरात वारले. वय फक्त २०. बरोबरच्या लोकांनी तिथल्या आर्नो नदीला मुन्योने नावाची छोटी नदी जिथं मिळते तिथं, संगमावर, आपल्या पद्धतीनं त्यांचं दहन केलं. नदी परकी, गाव परकं, पण संगम शोधून तिथं अग्नी दिला. त्या जागी आज छत्री आहे, तिच्यात महाराजांचा अर्धपुतळा आहे, आणि जवळच्या पुलाला तिथले लोक इंडियनाचा पूल म्हणतात. ती छत्री मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्याची, आणि त्याच मँट यांनी कोल्हापूरचा टाउन हॉल आणि न्यू पॅलेस पण आखला. म्हणजे पोरं न्यू पॅलेस बघणारच आहेत तर त्याच्याआधी ही गोष्ट कानावर पडलेली असू दे, मग त्या इमारतीकडं बघायची नजर वेगळी असते. माझ्या पोरीनं हे ऐकल्यावर नकाशात फ्लोरेन्स शोधून काढलं, मग आर्नो नदी, मग ती कुठं समुद्राला मिळते ते. मी काहीच सांगितलं नव्हतं शोध म्हणून.

घाटापासून जवळच, सिद्धार्थनगरकडं नर्सरी बागेत राजर्षी शाहू महाराजांचं समाधीस्थळ आहे. इथं जरा निवांत थांबा. आपल्या शाळा सरकारी आहेत, फी नाही, सगळ्या जातीची पोरं एका बाकावर बसतात. कोल्हापूर संस्थानात २६ जुलै १९०२ ला मागास समाजांसाठी ५० टक्के नोकऱ्या राखून ठेवल्या गेल्या आणि १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, हे कुणी केलं ते पोरांना त्या जागेवर उभं राहून कळू दे. १९२० ला तेव्हाच्या कागल जहागिरीतल्या माणगावात परिषद झाली, शाहू महाराज आणि बाबासाहेब आंबेडकर एका व्यासपीठावर होते, आणि पुढं १९२५ ला बाबासाहेब आपल्या निपाणीत परिषदेसाठी आले. निपाणीच्या पोरांना हे माहीत नसतं. असायला पाहिजे.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, पाणी. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त म्हणतात ती सरस्वती, ह्यांचा संगम प्रयाग चिखलीला होतो आणि तिथून पंचगंगा म्हणून नदी कोल्हापूरला येते, पुढं नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. आणि मग ती कृष्णा राजापूर बंधारा ओलांडून कुठं येते? आपल्याकडंच. कल्लोळ, येडूर, मांजरी, अंकली, उगार, कुडची. जुलै-ऑगस्टमधे मोबाईलवर सगळे काय बघत असतात, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की कोल्हापुरात लोक घाटाकडं बघतात, नदीजवळच्या जामदार क्लबला पाणी आलं की शुक्रवार पेठेत सामान वरच्या मजल्यावर जातं, आणि ती बातमी कळली की आपल्याकडं नदीकाठच्या मळ्यातली जनावरं हलवायची तयारी सुरू होते. २०१९ च्या ऑगस्टमधे राजाराम बंधाऱ्याला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैमधे ५६ च्या वर. त्या दोन्ही पुरांनी आपल्या भागातली किती घरं पडली, किती ऊस कुजला, किती शाळांत छावण्या लागल्या, हे तुम्हाला मी सांगायला नको, तुमच्यातल्या कितीतरी शिक्षकांनी त्या छावण्या सांभाळल्यात. २०१९ ला यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं आणि पुणे-बेंगळूर रस्ता बंद झाला, तिकडं शिरोलीजवळ पंचगंगेचं आलं. आज आठवी-नववीत असलेल्या पोरांना हे आठवतं, अगदी लहान होती तरी आठवतं.

ह्याच पोरांना शिवाजी पुलावर उभं करा. ब्रिटिश काळात दगडी कमानींचा बांधलेला हा पूल, शेजारी आता नवा पूल झालाय. पुलावरून हिवाळ्यातलं पात्र किती खाली दिसतं ते बघू दे, मग २०२१ ला पाणी कुठपर्यंत होतं ते तिथल्या कुणा म्हाताऱ्या माणसाला विचारा, हात करून दाखवतात लोक, मग पोरं स्वतःच मान वर करून बघतात. पुराच्या नुसत्या आकड्यांना पोरं घाबरतात. नदीचा आकार, काठाची उंची, शहर कुठं उंचावर वसलंय आणि नवी बांधकामं कुठं खाली सरकलीत हे दाखवलं की तीच पोरं प्रश्न विचारतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी घरं ब्रह्मपुरीच्या उंचवट्यावर का बांधली हे पण त्यांना तिथंच कळेल. ज्यांना हवामान, पर्यावरण असले प्रकल्प करून घ्यायचे असतात त्या सायन्सच्या सरांनी तर ह्या सहलीला यायलाच हवं.

जमलं तर कसबा बावड्याला राजाराम बंधाऱ्यावर पण जा. शहराच्या जवळच आहे. हा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, म्हणजे दगडी खांब, खांबांना खाचा, पावसाळा संपला की खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालायचे आणि पाणी अडवायचं, पावसाळ्याआधी बरगे काढून नदी मोकळी करायची. साधी गोष्ट आहे आणि फार हुशारीची. आणि आपल्याकडं वेदगंगा-दूधगंगेवर जे बंधारे आहेत, जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, कारदगा-भोज, ते सगळे त्याच पद्धतीचे. पोरं त्यांच्यावरून सायकलीनं शाळेला येतात, पावसाळ्यात बंधारा बुडाला की त्यांची शाळा बुडते. रोज ज्याच्यावरून जातो त्याला बरगे का असतात हे दहावी झालेल्या पोरालासुद्धा सांगता येत नाही, मी विचारून बघितलंय. तो दोष पोरांचा नाही, त्यांना कुणी दाखवलं नाही.

नदीचं वाईट पण लपवू नका. शहरातून जयंती नाला येतो आणि नदीला मिळतो, उन्हाळ्यात पाण्याला वास असतो, पात्रात जलपर्णी माजते. पोरं नाक धरतील. धरू देत. हेच पाणी खाली इचलकरंजी, शिरोळ करत कृष्णेत येतं आणि कृष्णेच्या काठची आपली गावं तेच पितात, तेव्हा नाक धरलेल्या पोरानं त्याचं कारण विचारलं तर उत्तर द्यायची तयारी सरांनी आधी करून यावी.

टाउन हॉलचं म्युझियम शेवटी ठेवा, आधी नाही. हे मी मुद्दाम सांगतेय. १८७० च्या दशकातली काळ्या दगडाची इमारत, भोवती बाग, बाहेर तोफा. ब्रह्मपुरीत निघालेल्या वस्तू ठेवायला जागा पाहिजे म्हणून १९४५-४६ ला हे म्युझियम सुरू झालं आणि पुढं टाउन हॉलमधे आलं. आधी म्युझियम दाखवलं तर पोरं काचेच्या कपाटासमोरून पळत जातात, सगळ्याच शाळांची पोरं तशीच पळतात, मी बघते ना दर वेळी. पण टेकडीवर उभं राहून आलेलं पोरगं कपाटात शोधतं, ती बांगडी कुठंय, तो हत्ती कुठंय. पोसायडन बघायचा असेल तर आधी फोन करून विचारून घ्या, कारण कधीकधी वस्तू हलवलेल्या असतात. सोमवारी म्युझियम बंद असतं, तेवढं गाडी ठरवताना बघा.

आता तुमच्या अडचणी. मी एसडीएमसीच्या मीटिंगमधे हा विषय काढला होता तेव्हा काय काय उत्तरं आली ती मला माहीत आहेत आणि ती खोटी नव्हती. एक, पोरं नदीवर न्यायची म्हणजे भीती. बरोबर आहे. म्हणून पायऱ्यांच्या वरच्या टप्प्यावरच थांबा, खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, पाण्यात कुणी पाय घालायचा नाही हे गाडीतच सांगा, दर दहा पोरांमागं एक मोठं माणूस ठेवा, पालकांना बोलवा, आम्ही येतो. पुलावरून चालताना रांग एका बाजूनं, वाहनं जोरात असतात. सप्टेंबरपर्यंत नकोच, पाणी ओसरून काठ वाळला पाहिजे, डिसेंबर-जानेवारी सगळ्यात बरं. दोन, मुलींची बाथरूमची सोय. हा प्रश्न मीटिंगमधे एकाही पुरुषानं काढला नाही, पण मॅडम लोकांना माहीत आहे की ह्याच्यामुळंच मुली सहलीला दिवसभर पाणी पीत नाहीत. घाटावर सोयीच्या भरवशावर राहू नका. अंबाबाईच्या देवळाजवळ नाहीतर जेवायच्या ठिकाणी आधी थांबा, मग चालायला सुरुवात करा, आणि म्युझियमला पोचल्यावर परत विचारा. तीन, खर्च. चालायला पैसे लागत नाहीत, घाटाला तिकीट नाही, टेकडीला तिकीट नाही. न्यू पॅलेसचं आणि कुठल्यातरी वॉटर पार्कचं मिळून जेवढं होतं त्याच्यापेक्षा हे कितीतरी कमी. दुसऱ्या राज्यात गाडी न्यायला परमिट लागतं हे खरं, पण ते तुम्ही कोल्हापूरला नेताच तेव्हा काढताच.

चार, पोरांना बोअर होईल. हे उत्तर मला पटत नाही आणि ते मी तिथं पण सांगितलं. पोरांना बोअर होतं ते रांगेत उभं करून पाटी वाचायला लावल्यावर. एक वही द्या, पाच-सहा पोरांचे गट करा, एका गटानं पुराच्या खुणा शोधायच्या, एकानं दगडावरची कोरीव कामं काढायची, एकानं तालमीत नाहीतर कुंभार गल्लीत जाऊन कुणाशीतरी बोलून यायचं, अर्थात सरांबरोबर. गावी आल्यावर आपल्या गावातली पुराची खूण शोधायची, देवळाच्या भिंतीवर, शाळेच्या भिंतीवर, कुठल्या साली कुठपर्यंत, आजी-आजोबांना विचारून लिहायचं. येडूरच्या पोराची वही आणि कोल्हापूरच्या घाटाची वही शेजारी ठेवली की एकाच नदीच्या दोन जागा त्याला दिसतील.

अजून एक, कृष्णेच्या काठच्या शाळांना वेगळं सांगते. तुम्हाला कोल्हापूर लांब पडत असेल तर खिद्रापूरचं कोपेश्वर देऊळ बघा, ते आपल्या जुगूळ गावाच्या समोरच आहे, मधे फक्त कृष्णा. स्वर्गमंडपाचं वरचं गोल मोकळं छत, खांब, हत्ती, सगळं शिलाहारांच्या काळातलं. तिथं पण पूर येतो, तिथं पण नदीच आहे. पण निपाणी, हुक्केरी, चिकोडीच्या शाळांनी कोल्हापूर टाळायचं काही कारण नाही.

मी स्वतः काय करू शकते ते पण लिहिते, नुसतं मागून होत नाही. सोमवार सोडून कुठल्याही दिवशी, आधी सांगितलं तर मी गंगावेशीत येऊन थांबेन आणि तुमच्याबरोबर चालेन, पैसे नकोत. शिक्षकांना आधी एकटं येऊन बघायचं असेल, रस्ता, गाडी लावायची जागा, कुठं उन लागतं, कुठं सावली, तर रविवारी सकाळी आपण जाऊ. दोन-तीन शाळांच्या शिक्षकांनी मिळून आलात तर आणखी बरं, म्हणजे एकाच वेळी बोलणं होईल. आमच्या शाळेची सहलीची मीटिंग ह्या महिन्याच्या शेवटी आहे, तिथं मी हेच मांडणार आहे, आणि तुमच्या शाळेची मीटिंग कधी आहे ते मुख्याध्यापकांनी कळवलं तर तिथं पण येईन.

आपली,
निपाणी तालुक्यातली एक पालक